झटक्यानंतरचे रक्त काय सांगते

‘आता धोका टळला ना, डॉक्टर?’

आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न रोज विचारला जातो. अँजिओप्लास्टी होऊन गेलेली असते, बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी झालेली असते, पेशंट चहा मागू लागलेला असतो. तरीही डॉक्टर सरळ ‘हो’ म्हणत नाहीत, ‘अठ्ठेचाळीस तास बघू’ म्हणतात. नातेवाइकांना वाटते, हे हातचे राखून बोलणे आहे. तसे नसते. झटक्यातून वाचलेल्या दोन माणसांचे पुढचे वर्ष सारखे जात नाही. एक जण दोन-तीन महिन्यांत पूर्वीसारखा सकाळची फास्ट लोकल पकडू लागतो. दुसऱ्याला घरचा जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते आणि तो पुन्हा ॲडमिट होतो. कोण कोणत्या वाटेने जाणार याचा अंदाज बांधायला इसीजी आहे, टुडी इको आहे, नाडी आणि रक्तदाब आहे. आणि रक्त आहे. हे पुस्तक त्या रक्तात सापडणाऱ्या खुणांबद्दल आहे.

ते ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. मी याच पट्ट्यात फिजिशियन म्हणून काम करतो आणि इथली माणसे मला ठाऊक आहेत. दिवसाचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात, रात्रीचे जेवण साडेदहाला होते आणि छातीत दुखले तर पहिला विचार ‘ॲसिडिटी असेल’ हाच येतो. आपल्याकडे पहिला झटका लवकर येतो, ही नुसती समजूत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघाले, इतर देशांत जवळपास ५९. त्रेपन्नाव्या वर्षी घराचे हप्ते चालू असतात आणि मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असते. झटक्यानंतर अजून वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. म्हणून ‘वाचला’ एवढ्यावर इथे भागत नाही. पुढचे बघावे लागते.

रक्तावरून हृदयाची हालहवाल काढण्याची पद्धत सत्तरेक वर्षांची आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवून दिले, की झटका आलेल्या माणसाच्या रक्तात एसजीओटी हे एन्झाइम वाढते. अडचण अशी, की एसजीओटी काविळीतही वाढते. मग एलडीएच आले, सीपीके आले, त्यातला हृदयाशी अधिक जवळचा सीपीके-एमबी आला. पन्नाशी-साठीतले डॉक्टर आजही ‘एन्झाइम्स वाढलेत’ म्हणतात ती त्या काळाची सवय. आता त्यांच्या जागी जे मोजतात ते ट्रोपोनिन मात्र एन्झाइम नव्हे. स्नायूचे आकुंचन-प्रसरण ज्या प्रथिनांच्या हाती असते त्यांतले ते एक, आणि जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी ते १९६० च्या दशकात शोधून काढले. हृदयाच्या स्नायूतले ट्रोपोनिन हाडांवरच्या स्नायूतल्या ट्रोपोनिनपेक्षा थोडे निराळे असते. या फरकाचा उपयोग करून जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी १९८९ साली ट्रोपोनिन टीची रक्तचाचणी पुढे आणली. ट्रोपोनिन आयची चाचणीही त्याच सुमाराची. २००० साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्याच नव्याने केली आणि तिच्या मध्यभागी ट्रोपोनिनला बसवले.

इथपर्यंतचा भाग निदानाचा झाला. पुढचे सांगण्याची गोष्ट खऱ्या अर्थाने १९९६ साली सुरू झाली. अमेरिकेतले डॉ. इलियट अँटमन यांच्या गटाने छातीत दुखून आलेल्या, पण इसीजीत मोठ्या झटक्याची ठळक खूण नसलेल्या १,४०४ रुग्णांचे ट्रोपोनिन आय तपासले. ज्यांचे ट्रोपोनिन ठरावीक रेषेच्या वर होते असे ५७३ जण. त्यांतले २१ जण ४२ दिवसांत दगावले, म्हणजे ३.७ टक्के. रेषेच्या खाली असलेल्या ८३१ जणांत ८ मृत्यू झाले, म्हणजे १ टक्का. जसजसा आकडा चढत गेला तसतसा धोकाही चढत गेला.

या आकड्यांवर जरा थांबायला हवे, कारण पुस्तकातले पुढचे प्रत्येक प्रकरण यांच्याच जातीच्या आकड्यांवर उभे आहे. ट्रोपोनिन वाढलेल्यांना धोका जवळपास चौपट, हे खरे. पण त्याच गटातली शंभरातली ९६ माणसे ४२ दिवसांनंतर जिवंत होती, हेही तितकेच खरे. रक्तातली खूण गटाबद्दल बोलते. समोरच्या खाटेवरचा माणूस शंभरातल्या त्या चौघांत आहे की उरलेल्या ९६ जणांत, ते ती सांगत नाही. ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, त्याची अँजिओग्राफी लवकर करा, त्याला घाईने घरी पाठवू नका, एवढे ती सांगते आणि डॉक्टरला तेवढे पुरते. नातेवाइकांनी मात्र त्या आकड्याकडे पत्रिकेसारखे पाहू नये. ‘ट्रोपोनिन आठ हजार आलेय, आता काय खरे नाही’ असे हलक्या आवाजात बोलणाऱ्या कुटुंबांतली माणसे वर्षभराने गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्यांमागे चालताना मी पाहिली आहेत.

मोठ्या आकड्याचा अर्थ लावायलाही संदर्भ लागतो. स्टेंटने वाहिनी एकदम उघडली की साचलेले ट्रोपोनिन रक्तात झपाट्याने वाहून येते आणि आकडा लवकर शिखर गाठतो. त्या वेळी मोठा आकडा वाहिनी मोकळी झाल्याचे लक्षणही असू शकतो. स्नायूचे नेमके किती नुकसान झाले, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा आकडा अधिक विश्वासाने सांगतो. शिवाय किडनीचा जुना आजार असलेल्यांचे ट्रोपोनिन एरवीही थोडे वर असते. त्यांच्या बाबतीत एक आकडा बघून चालत नाही, तो चढतोय की उतरतोय हे बघावे लागते.

गल्लीबोळातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट असते. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्या खळग्यात रक्ताचे दोन-तीन थेंब, आणि पंधरा मिनिटांनी एक रेघ उमटते की दोन, ते पाहायचे. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. मध्यरात्री ही पट्टी मोठा आधार असते. पण तिच्यातून आकडा मिळत नाही, आणि ती फार लवकर लावली तर फसवते. स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात पुरेसे उतरायला काही तास जातात. छातीत कळ आल्यावर तासाभरात केलेली कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली आणि माणूस ‘गॅस होता’ म्हणून घरी गेला, असे घडते. लॅबमधली आताची अतिसंवेदनशील चाचणी फार कमी ट्रोपोनिनही पकडते. तरीही ती बहुधा एकदा करून भागत नाही. एक ते तीन तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घेऊन फरक बघायचा असतो. एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहायला हवी: इसीजीत मोठ्या झटक्याची खूण दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी एक मिनिटही थांबायचे नाही. तिथे रक्ताचे काम उपचार सुरू झाल्यानंतरचे.

आता एककांबद्दल. आपल्या भागातला पेशंट एका आजारपणात तीन लॅबच्या हातून जातो. डोंबिवलीतल्या नर्सिंग होमच्या रिपोर्टवर ०.०४ असते, ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात तेच ४० होते, आणि घरच्यांना वाटते वाटेत हजारपट बिघडले. पहिला आकडा एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम असा मोजलेला असतो, दुसरा एका लिटरमध्ये किती असा. प्रमाण एकच. त्यातून एका ठिकाणी ट्रोपोनिन आय केलेले, दुसरीकडे ट्रोपोनिन टी. या दोन चाचण्यांचे आकडे आणि मर्यादा वेगळ्या. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टीची मर्यादा लिटरला १४ नॅनोग्रॅम धरतात, ट्रोपोनिन आयची ज्या कंपनीचे यंत्र तिच्याप्रमाणे बदलते. म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका आणि सुखावूही नका.

ट्रोपोनिन झालेली इजा सांगते. हृदयावर आता किती ताण आहे, हे दुसरे रसायन सांगते. १९८८ साली जपानमध्ये डुकराच्या मेंदूत एक संप्रेरक सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू शिरला: ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बीएनपी. पुढे कळले की ते प्रामुख्याने हृदयाच्या कप्प्यांतूनच, त्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की बाहेर पडते. झटक्यानंतर स्नायूचा एक भाग निकामी झाला की उरलेल्या भिंतीवर भार येतो आणि बीएनपी वाढते. २००१ साली जेम्स डी लेमोस आणि सहकाऱ्यांनी २,५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या रक्तात बीएनपी जितके जास्त, तितका पुढच्या दहा महिन्यांत मृत्यूचा आणि हार्ट फेल्युअरचा धोका जास्त, असे त्यात दिसले. आपल्याकडे सहसा त्याचे भावंड, एनटी-प्रोबीएनपी, मोजतात. इथेही तारतम्य हवे. वय वाढले आणि किडनी मंदावली की ते वाढते. लठ्ठ माणसात अपेक्षेपेक्षा कमी येते. सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी मोजून दिशाभूल होते, एनटी-प्रोबीएनपीच मोजावे लागते. ही चाचणी स्वस्त नाही. माझ्या मते ज्याला धाप लागते, ज्याचा इको कमजोर आहे किंवा ज्याचा झटका हृदयाच्या पुढच्या बाजूचा आणि मोठा होता, त्याच्यासाठी ते पैसे सत्कारणी लागतात.

आणि आता या पुस्तकाचे मुख्य म्हणणे. नव्या, महागड्या खुणांची चर्चा फार होते. पण पुढचा अंदाज बांधायला लागणारे बरेचसे पेशंटच्या फायलीत आधीच पडलेले असते आणि कोणी ते त्या नजरेने वाचत नाही. क्रिएटिनिन घ्या. झटक्यानंतरचा धोका मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ग्रेस’ या गुणांकनात वय, नाडी, रक्तदाब, इसीजी, फुप्फुसात पाणी आहे का या गोष्टींबरोबर क्रिएटिनिन आहे. किडनी थकलेली असेल तर झटका जड जातो, औषधांचे डोस बदलतात, अँजिओग्राफीच्या डायचा त्रास होऊ शकतो. तो त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिनमध्ये दिसतो, आणि नेमका त्याच दिवशी पेशंट डिस्चार्ज घेऊन रिक्षात बसलेला असतो. मग आठवड्याने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा करायला हवे, विशेषतः रक्तदाबाच्या आणि हार्ट फेल्युअरच्या नव्या गोळ्या सुरू केल्या असतील तर. ही चाचणी गल्लीतल्या लॅबमध्ये होते.

हिमोग्लोबिन घ्या. रक्त कमी असले की जखमी हृदयाला ऑक्सिजनसाठी अधिक धावावे लागते, आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी कुठे बारीक रक्तस्राव होत असेल तर पहिली चाहूल हिमोग्लोबिनच देते. आपल्या बायकांचे हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ असणे घरात कोणाला आजार वाटत नाही. झटक्यानंतर तो वाटायला हवा. साखर घ्या. ज्यांना मधुमेह नाही असे समजले जात होते, पण झटक्याच्या वेळी ज्यांची साखर वर गेलेली होती, अशांचा रुग्णालयातला मृत्यूचा धोका साखर न वाढलेल्यांच्या सुमारे चौपट होता, असे २००० साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले. ‘टेन्शनने वाढली असेल’ म्हणून ती सोडून देऊ नये. एचबीएवनसी करून तिचा निकाल लावावा.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत वेळेचा घोळ होतो. झटक्यानंतर दिवस-दोन दिवसांनी एलडीएल काहीसे खाली येते. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट पाहून ‘माझे कोलेस्टेरॉल तर चांगले आहे, मग गोळी कशाला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रक्त पहिल्या चोवीस तासांत घ्यावे आणि गोळी सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. एलडीएल ५५ च्या खाली आणायचे, असे आता मानतात. लायपोप्रोटीन-ए हे मुख्यतः जन्मजात ठरलेले असते. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी ते १९६३ साली शोधले. ते आयुष्यात एकदा मोजले की पुरे, आणि जास्त निघाले तर भावंडांचे आणि मुलांचेही मोजावे. ज्या घरात काका पंचेचाळिसाव्या वर्षी गेले आणि आता थोरल्या भावाला झटका आला, तिथे ही एक चाचणी नक्की करावी.

पुढचे भाकीत करणारी प्रत्येक खूण उपचाराची वाट दाखवतेच असे नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांत बी१२ कमी होते, ५८ टक्क्यांत बी१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन जास्त, आणि शहरी मध्यमवर्गात बी१२ ची कमतरता सर्वांत जास्त होती. होमोसिस्टीन वाढलेल्यांना हृदयविकार अधिक, हे तोवर ठाऊक होते. तेव्हा जीवनसत्त्वे देऊन ते उतरवले की झटके टळतील, असा तर्क सरळ होता. त्याच वर्षी नॉर्वेतला ‘नॉर्व्हिट’ अभ्यास आला. नुकताच झटका आलेल्या ३,७४९ जणांपैकी काहींना ही जीवनसत्त्वे दिली. होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरले. पुन्हा येणारे झटके आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. बी१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढावे, मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. पण लॅबच्या ‘हार्ट पॅकेज’मध्ये होमोसिस्टीन जास्त आले म्हणून घाबरलेल्या माणसाला, या गोळ्यांनी दुसरा झटका टळेल, असे सांगणे चुकीचे आहे.

सीआरपीची गोष्ट उलट दिशेने गेली. ही शरीरातल्या दाहाची खूण १९३० पासून माहीत होती. दाह कमी केला तर झटके कमी होतात का, हे पाहण्यासाठी झालेल्या ‘कँटोस’ अभ्यासात झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ जण होते. २०१७ साली निष्कर्ष आला: कोलेस्टेरॉलला हात न लावता, केवळ दाह कमी करून झटके काही प्रमाणात कमी झाले. त्या अभ्यासात दाह कमी करायला दिलेले इंजेक्शन महाग होते आणि त्याने जंतुसंसर्गाचा धोकाही वाढला, त्यामुळे ते रोजच्या वापरात आले नाही. पण २०१९ साली कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त गोळीनेही फायदा दाखवला. ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, यावर अजून वाद आहे आणि त्यासाठी एक प्रकरण राखून ठेवले आहे. सीआरपी झटक्याच्या दिवसांत मोजून उपयोग नाही, तेव्हा ते चढणारच. महिना उलटल्यावर मोजावे.

हे सारे लिहिताना एक आकडेवारी सतत समोर होती. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधले २०,४६८ रुग्ण ‘क्रिएट’ या नोंदवहीत होते. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले. गरीब रुग्णांत तीस दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५ टक्के. पण मिळालेले उपचार हिशेबात धरले की हा फरक नाहीसा झाला. ज्या दिवशी मी हे पहिल्यांदा वाचले त्या दिवसापासून रक्ताच्या खुणांकडे बघण्याची माझी नजर बदलली. पेशंटचे भविष्य जितके त्याच्या रक्तात आहे, तितकेच कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत आहे, मुरबाड-शहापूरहून निघालेल्या गाडीला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापर्यंत किंवा पुढे सायनपर्यंत लागणाऱ्या वेळेत आहे, आणि महिन्याच्या गोळ्या परवडतात की नाही यात आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च मिळतो. तरी छातीत कळ आलेला माणूस अजूनही शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून येतो.

यातली जी दुरुस्ती फुकट होऊ शकते ती डिस्चार्ज कार्डची. ‘ट्रॉप आय पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले कार्ड पुढच्या डॉक्टरच्या फारसे कामाचे नसते. कळ किती वाजता सुरू झाली, रक्त किती वाजता घेतले, आकडा किती, एकक कोणते, सर्वांत वरचा आकडा कोणता, घरी जातानाचे क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन किती, या पाच-सहा ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. शास्त्रीनगरला, रुक्मिणीबाईला, सिव्हिलला किंवा खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी त्या लिहाव्यात. पेशंट तुमच्या हातून निघून फॅमिली डॉक्टरकडे जातो. पुढची वीस वर्षे त्याला तोच बघणार असतो आणि त्याच्या हाती तेवढा एक कागद असतो.

पुस्तकातली प्रकरणे सलग वाचली पाहिजेत असे नाही. ज्यांच्या घरी सध्या कोणी ॲडमिट आहे त्यांनी ट्रोपोनिनचे प्रकरण वाचावे आणि बाकीची ठेवून द्यावीत. घरी आलेल्यांनी क्रिएटिनिन आणि एलडीएलपासून सुरुवात करावी. शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे: चाचणी, तारीख आणि वेळ, आकडा, एकक, लॅब. झटक्यानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो भरून न्या. एखादा रकाना रिकामा राहिला असेल तर ती चाचणी आपल्याला लागत नाही म्हणून केली नाही, की करायची राहून गेली, एवढे त्यांना विचारा.